गॅलरीतलं बुलबुलाचं पिल्लू: उचलायचं की नाही?

प्रश्न : आम्ही चिंचवडला तिसऱ्या मजल्यावर राहतो. गॅलरीत टांगलेल्या मनीप्लांटच्या कुंडीत बुलबुलाने घरटं केलं आहे. तीन अंडी होती, दोन पिल्लं निघाली, एक अंडं तसंच आहे. आज सकाळी एक पिल्लू खाली फरशीवर पडलेलं दिसलं. डोळे उघडलेत, पंखांवर काळ्या सुया आल्यासारख्या दिसतात, बाकी अंग उघडंच. माझ्या नऊ वर्षांच्या लेकीने ते उचलून बुटांच्या खोक्यात कापसावर ठेवलं आणि ड्रॉपरने पाणी पाजायला निघाली, तेवढ्यात मी तिला थांबवलं. सासूबाई म्हणतात, माणसाचा हात लागला, आता आई त्याला जवळ करणार नाही. ह्यांचं म्हणणं, निसर्गात ढवळाढवळ नको, पडलं तिथेच राहू दे. समोरच्या पाइपवर कालपासून एक कावळा बसून असतो आणि रात्री खालच्या मजल्यावरचं मांजर गॅलरीत येतं. लेक म्हणते, घरटंच आत आणूया. मी काय करू? डोळ्यांसमोर मरू दिलं तर ते पाप नाही का?
— एक वाचक, चिंचवड

ताई,

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी दोन ओळींत उत्तर कळवलं होतं: पिल्लू उचलून घरट्यात ठेवा, गॅलरीचं दार लावून घ्या आणि आतून बघा. तासाभरात आई अळी घेऊन आली हे तुम्ही उलट कळवलंत, तेव्हा फार बरं वाटलं. तरीही इथे सविस्तर लिहिते आहे. उन्हाळा लागल्यापासून पावसाळा सुरू होईपर्यंत असं एखादं पिल्लू कुणाच्या ना कुणाच्या गॅलरीत पडतंच, आणि तुमच्या घरात झाली तशीच चर्चा तिथेही होते.

आधी सासूबाईंचं म्हणणं घेऊ, कारण ते आपल्याकडे घरोघरी ऐकायला मिळतं. माणसाचा हात लागलेल्या चिमणीला बाकीच्या चिमण्या टोचून मारतात, असंही लहानपणी आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. तसं होत नाही. पक्ष्यांचा अभ्यास करणारे लोक घरट्यातली पिल्लं हातात घेतात, त्यांचं वजन करतात, पायात नंबर असलेली कडी घालतात आणि पुन्हा घरट्यात ठेवतात. आईबाप परत येतात आणि चारायला लागतात. आपल्याकडे मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १९२७ सालापासून पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचं काम करते आहे. हात लागला म्हणून पक्षी पिल्लं टाकत असते, तर या पद्धतीने अभ्यास करणं जगात कुठेच शक्य झालं नसतं.

पण सासूबाईंना खोटं पाडू नका. घरट्यापाशी सारखं जाऊ नये, मुलांना तिथे हात घालू देऊ नये, ही जुन्या माणसांची शिस्त अगदी योग्य आहे. अंडी असताना किंवा घरटं नुकतंच बांधून होत आलेलं असताना माणसं वारंवार जवळ आली, तर बुलबुल ते घरटं सोडून देऊ शकतो. तो वासामुळे जात नाही, भीतीमुळे जातो. ही जागा धोक्याची आहे असं त्याला वाटतं. पिल्लं निघाली की त्याची घरट्याशी असलेली ओढ पुष्कळ वाढते, मग एकदा हात लागल्याने काही बिघडत नाही. तेव्हा नियम सासूबाईंचाच पाळा, फक्त खाली पडलेलं उघडं पिल्लू त्याला अपवाद समजा.

आता मुख्य गोष्ट. पिल्लू खाली दिसलं की आधी त्याचं वय बघायचं, कारण सगळं उत्तर त्यावर अवलंबून असतं. तुम्ही लिहिलंय की पंखांवर काळ्या सुया आहेत. ती पिसंच असतात, अजून आवरणात गुंडाळलेली. ती फुटून पिसं मोकळी होतात तेव्हा पिल्लू एकदम निराळं दिसायला लागतं. सुया असलेलं किंवा अगदी उघडं पिल्लू घरट्यातलंच असतं. त्याला स्वतःच्या अंगाची ऊब धरता येत नाही. आई अंगाखाली घेते तेवढीच त्याला ऊब मिळते. असं पिल्लू फरशीवर राहिलं तर तासा-दोन तासांत गार पडतं, आणि गार पडलेलं पिल्लू चोच उघडत नाही. आईबाप चारतात ते उघडलेल्या चोचीत. म्हणजे पिल्लू गार झालं की आई शेजारी येऊनही त्याला घास मिळत नाही. म्हणून असं पिल्लू हाताला गार लागलं, तर दहा-पंधरा मिनिटं दोन्ही तळव्यांच्या ओंजळीत धरून ऊब द्यायची, ते हलायला लागलं की घरट्यात ठेवायचं. घरट्यात ठेवल्यावर दुसऱ्या पिल्लाच्या अंगाची ऊबही त्याला मिळते.

याउलट अंगभर पिसं आलेलं, शेपूट अजून बोटाच्या पेराएवढंच असलेलं, टुणटुण उड्या मारणारं, बोट पुढे केलं तर ते घट्ट पकडणारं पिल्लू जमिनीवर दिसलं, तर ते पडलेलं नसतं. ते घरट्यातून बाहेर निघालेलं असतं. बुलबुलाची पिल्लं अंड्यातून निघाल्यावर साधारण बाराव्या-तेराव्या दिवसाच्या सुमारास घरटं सोडतात, आणि तेव्हा त्यांना नीट उडता येत नाही. कुठल्या तरी झुडपात, कुंडीमागे, गाडीखाली ती बसून राहतात, मधूनमधून हाक देतात आणि आईबाप तिथे येऊन चारतात. असं काही दिवस चालतं. आपण नेमकं याच पिल्लाला अनाथ समजून घरी नेतो. मला वाटतं, माणसांनी वाचवायला म्हणून उचललेल्या पिल्लांपैकी पुष्कळशी या वयाची असतात, आणि आईबाप पलीकडच्या तारेवरून ओरडत हे बघत असतात. अशा पिल्लाला घरट्यात परत ठेवायला जाऊ नका, ते पुन्हा उडी मारेल, शिवाय त्याच्या भावंडालाही वेळेआधी बाहेर काढेल. ते रस्त्यात किंवा कुत्र्याच्या तोंडाशी असेल तर उचलून जवळच्या झुडपात, थोड्या उंच फांदीवर ठेवायचं. बस, तेवढंच.

तुमच्या ह्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे, पण ते तुमच्या गॅलरीला पूर्ण लागू पडत नाही. कुंडी तुम्ही टांगलेली, खालची फरशी कडक, पाण्याने भरलेली बादली तुमची, मांजर माणसांनी पाळलेलं. जंगलातल्या करवंदीच्या जाळीत घरटं असतं आणि पिल्लू खालच्या पाचोळ्यावर पडलं असतं, तर मी म्हटलं असतं, बघू नका, पुढे चला. तुमच्या गॅलरीतले निम्मे धोके माणसांनी आणलेले आहेत. ते दूर करणं ही निसर्गातली ढवळाढवळ होत नाही. कावळ्याचं तसं नाही, त्याच्याबद्दल पुढे लिहिते.

माझं सांगणं एवढंच आहे की मदत पिल्लाला करायला जाऊ नका, त्याच्या आईबापांना करा. पिल्लू वाढवण्याचं काम त्यांना येतं, तुम्हाला आणि मला येत नाही. त्यांचं ये-जा करणं सोपं कसं होईल, तेवढं बघायचं.

हे काम किती मोठं आहे, ते लेकीला खिडकीच्या पडद्याआडून दाखवा. सकाळी उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत दोघंही चारत असतात, आणि पिल्लं मोठी होत आली की दर पंधरा-वीस मिनिटांनी कुणीतरी येतंच. सुरुवातीला किडे, अळ्या, कोळी असं मऊ खाणं, मग हळूहळू फळं. बुलबुल सरळ घरट्यात येत नाही. आधी ग्रिलवर बसतो, तुरा उभारून इकडे तिकडे बघतो, मग कुंडीच्या काठावर उतरतो. घास दिला की तो लगेच जात नाही, क्षणभर थांबतो. का थांबतो ते नीट बघायला सांगा. ज्या पिल्लाने घास गिळला ते अंग वळवतं, बूड वर करतं आणि पांढऱ्या पातळ पिशवीत बांधल्यासारखी विष्ठा बाहेर टाकतं. आई ती चोचीत धरते. पिल्लं अगदी लहान असताना ती गिळून टाकते, मोठी झाल्यावर लांब नेऊन टाकते. म्हणूनच इतके दिवस दोन पिल्लं राहूनही घरटं स्वच्छ असतं, त्याला वास येत नाही आणि खाली पडलेल्या घाणीवरून कुणाला पत्ता लागत नाही. दुपारी ऊन कुंडीवर आलं तर आई काठावर उभी राहून पंख अर्धवट पसरते आणि स्वतः चोच उघडून धापा टाकत पिल्लांवर सावली धरते. त्या वेळी तुम्ही दार उघडून गॅलरीत आलात की ती उडून जाते, आणि उघडी पिल्लं तेवढा वेळ उन्हात भाजतात. आपण नुसतं बघायला गेलो तरी काय होतं, हे यावरून कळेल.

म्हणून गॅलरीचा वापर पुढचे आठ-दहा दिवस कमी करा. कपडे दुसरीकडे वाळत घाला. झाडांना पाणी सकाळी एकदाच, आईबाप गेलेले बघून, कुंडीच्या कडेने हळू सोडा. वरून फवारा नको. भर उन्हाची बाजू असेल तर एखादी जुनी ओढणी किंवा हिरवी शेडनेट ग्रिलच्या त्या भागाला एकदाच बांधून टाका, मात्र ज्या बाजूने पक्षी आत येतात ती बाजू मोकळी ठेवा. तुमच्याकडे कबुतरांची जाळी असेल आणि बुलबुल तिच्या एखाद्या फाटक्या जागेतून येत असेल, तर ते भोक सध्या बुजवू नका. सोसायटीत झुरळा-डासांची फवारणी ठरली असेल तर तुमची गॅलरी वगळायला सांगा, कारण फवारा लागलेले किडे शेवटी पिल्लांच्याच पोटात जातात. मुंग्यांची रांग कुंडीकडे जाताना दिसली तर ओल्या साबणाच्या फडक्याने ती वाट पुसून काढा, मुंग्यांचा खडू ओढू नका. मुंग्यांकडे दुर्लक्ष करू नका. लाल मुंग्या एका रात्रीत घरटं संपवतात, आणि पिल्लू खाली पडण्याचं तेही एक कारण असू शकतं. पिल्लू घरट्यात ठेवताना घरटं एका बाजूला कललंय का, तेही बघा. कललं असेल तर खालून सुतळीने आधार द्या. न उबलेलं अंडं तसंच राहू दे.

खोक्यातला कापूस मात्र काढून टाका. त्याचे धागे पिल्लाच्या बोटांना आणि नखांना गुंडाळतात आणि ओला झाला की कापूस पिल्लाला गारच करतो. कधी घरटंच तुटून पडलं तर नारळाची अर्धी करवंटी घ्यायची, तळाला दोन-तीन भोकं पाडायची म्हणजे पाणी साचणार नाही, आत तुटलेल्या घरट्याचा उरलेला भाग किंवा सुकं गवत घालायचं आणि त्याच कुंडीत, त्याच जागी घट्ट बसवायची. जागा महत्त्वाची आहे. पक्षी त्याच जागी परत येतात. म्हणूनच लेक म्हणते तसं घरटं आत आणायचं नाही. चार हात लांब नेलं तरी आईबाप जुन्या जागेवर घास घेऊन येतील आणि रिकामं बघून भांबावतील. घरात घरटं असणं म्हणजे पिल्लांना आईबापांपासून तोडणं.

मांजराचा बंदोबस्त तुम्हालाच करावा लागेल, आणि तो निःसंकोचपणे करा. खालच्या शेजाऱ्यांना सांगा की पंधरा दिवस रात्री मांजर घरात ठेवा. बहुतेक लोक ऐकतात. मांजर पाइपवरून चढत असेल तर त्या बाजूला एखादा गुळगुळीत पत्रा लावता येतो. आणि हे नीट लक्षात ठेवा: मांजराने पकडलेलं पिल्लू तुम्ही सोडवलंत आणि वरवर बघता त्याला काही झालेलं दिसलं नाही, तरी ते घरट्यात ठेवायचं नाही. मांजराच्या दाताची जखम सुईच्या टोकाएवढी असते, पिसांत दिसत नाही, पण लाळेतल्या जंतूंमुळे एक-दोन दिवसांत पिल्लू मरतं. त्याला औषध लागतंच. ते जाणत्या माणसाकडेच द्यायला हवं.

कावळ्याचं वेगळं. तो समोर बसतो कारण त्याला घरट्याचा पत्ता लागलेला आहे, आणि बऱ्याचदा तो पत्ता आपणच दिलेला असतो. गॅलरीच्या कठड्यावर रोज काऊचा घास ठेवत असाल तर काही दिवस तो दुसऱ्या बाजूला किंवा खाली अंगणात ठेवा. पोळीचे तुकडे, भात, दाणे, काहीही घरट्याच्या आसपास नको. पक्ष्यांसाठी पाण्याचं भांडं जरूर ठेवा, पण तेही घराच्या दुसऱ्या बाजूला. तुम्ही समोर असताना तो झेपावला तर हाकला, मी असते तर मीही हाकललं असतं. पण दिवसभर काठी घेऊन पहारा देऊ नका, त्या पहाऱ्याने कावळ्याआधी बुलबुल पळतो. आणि लेकीसमोर कावळ्याला दुष्ट म्हणू नका, ही माझी मनापासून विनंती आहे. याच महिन्यांत कावळ्यांचीही वीण असते. त्या पाइपवरच्या कावळ्याचंही कुठल्या तरी झाडावर, काड्या आणि तारांच्या घरट्यात, चोच उघडून बसलेलं पिल्लू असेल.

पिल्लं बाहेर निघायची वेळ जवळ आली की दोन-चार दिवस आधीच गॅलरीतल्या बादल्या, टब पालथे घाला. नुकतं निघालेलं पिल्लू भरलेल्या बादलीत पडून बुडतं, हे फार वेळा घडतं. मोरीच्या उघड्या पाइपवर जाळी ठेवा. घरात शिरलं तर पंखा आधी बंद, मग दार-खिडक्या उघड्या. तिसऱ्या मजल्यावरून ते फडफडत खालीही जाईल. घाबरू नका, वजन इतकं कमी असतं की पंख फडफडवत ते बहुधा अलगद उतरतं. वॉचमनकाकांना आणि खाली खेळणाऱ्या मुलांना आधी सांगून ठेवा की असं पिल्लू दिसलं तर उचलून खोक्यात घालू नका, फक्त झुडपात ठेवा आणि कुत्र्याला लांब ठेवा. आईबाप खाली जाऊन त्याला शोधतात.

आता बाहेरून मदत कधी मागायची. मांजराने धरलेलं असेल, रक्त येत असेल, पंख किंवा पाय लोंबत असेल, पिल्लू उघडं आणि घरटं पोचण्यापलीकडे असेल, किंवा आईबाप मेलेले तुम्ही बघितले असतील, तेव्हा. आईबाप येत नाहीत असं वाटत असेल तर आधी खात्री करा. गॅलरीचं दार बंद करून, दिवसाउजेडी, सलग दोन तास आतून बघा. त्या दोन तासांत एकदाही कुणी फिरकलं नाही तर फोन करा. महाराष्ट्रात वन विभागाची हेल्पलाइन १९२६ ही आहे. पुणे-पिंपरीत रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट वन विभागासोबत जखमी वन्यप्राण्यांचं काम करते. माणूस येईपर्यंत खोक्याला चार भोकं पाडायची, तळाला सुती फडकं घालायचं, पिल्लू ठेवून झाकण लावायचं आणि खोकं शांत, अंधाऱ्या, उबदार जागी ठेवायचं. खायला-प्यायला काही द्यायचं नाही.

हे शेवटचं वाक्य लोकांना सगळ्यात जड जातं. तुम्ही ड्रॉपर थांबवलात, ते फार चांगलं केलंत. पक्ष्याच्या जिभेच्या बुडाशीच श्वासनलिकेचं तोंड असतं. वरून सोडलेला पाण्याचा थेंब तिथून फुप्फुसात जातो आणि पिल्लू घुसमटतं. घरट्यातल्या पिल्लाला आई वेगळं पाणी पाजत नाही, त्याला लागणारं पाणी अळीतून आणि फळातून मिळतं. दूध तर मुळीच नको, पक्ष्यांना ते पचत नाही. दूधपाव, भात, भिजवलेली बिस्किटं यांनी पोट भरल्यासारखं दिसतं आणि पिल्लू दोन दिवसांत जातं. शिवाय गार पडलेल्या पिल्लाला अन्न पचवताच येत नाही, आधी ऊब, मग बाकीचं.

लेकीला ते पाळायचंय, हे तुम्ही लिहिलं नसलंत तरी मला वाटतंय. तिला दोन गोष्टी सांगा. एक, बुलबुल हा वन्यपक्षी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वन्यपक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणं हेसुद्धा शिकारीच्या व्याख्येत धरलंय. घरात पाळणं तर दूरच. दुसरं कायद्यापेक्षा महत्त्वाचं. घरटं सोडल्यावर आईबापांच्या मागे फिरत पिल्लू शिकतं: कुठलं फळ पिकलंय, ससाणा आला की कुठली हाक द्यायची, मांजर दिसलं की काय करायचं. आपल्या हातून खाऊन वाढलेलं पिल्लू यातलं काही शिकत नाही. त्याला माणसाची भीती वाटत नाही, आणि सोडल्यावर ते कुणाच्याही खांद्यावर, कुठल्याही मांजरासमोर जाऊन बसतं.

तुमचा पापाचा प्रश्न मी शेवटाकडे ठेवला, कारण त्याचं उत्तर सोपं नाही. उघड्या वाटीसारख्या घरट्यांतली कितीतरी पिल्लं मोठी होतच नाहीत. साप, कावळा, भारद्वाज, वारा, पाऊस, सगळं असतं. म्हणूनच बुलबुल एका हंगामात पुन्हा अंडी घालतो. तुम्ही वर लिहिलेलं सगळं केलंत आणि तरीही एके सकाळी घरटं रिकामं दिसलं, तर ते तुमचं पाप नाही. लेकीला तेव्हा “उडून गेलं” असं खोटं सांगू नका. नऊ वर्षांच्या मुलीला खरं सांगितलेलं झेपतं, आणि खोटं सांगितलेलं ती कधीतरी ओळखतेच. तिला रडू द्या. आपण काय काय केलं, ते तिच्यासोबत आठवा. तिने रोजची वही ठेवली असेल, किती वाजता कोण आलं, काय घेऊन आलं, तर ती वही तिच्याजवळच राहू द्या. फोटो काढायचे तर लांबून, फ्लॅशशिवाय, आणि पाहुण्यांना घरटं दाखवायचं ते पिल्लं निघून गेल्यावर.

हा सगळा सल्ला बुलबुल, चिमणी, शिंजीर, दयाळ, शिंपी अशा लहान पक्ष्यांसाठी आहे. काही पक्ष्यांचं वेगळं असतं. पाकोळी जमिनीवर दिसली तर तिला मदत लागते, तिचे पाय इतके तोकडे असतात की सपाट जमिनीवरून तिला सहसा उडता येत नाही. घार किंवा घुबडाच्या पिल्लाला उघड्या हाताने धरू नका, नख्या खोल जातात. जाड फडकं टाकून, खोकं पालथं घालून १९२६ ला फोन करा. घुबड अपशकुनी म्हणून त्याला हुसकावणारे शेजारी असतील तर फोन आणखी लवकर करा. आणि जून-जुलैत एखाद्या काळ्या किंवा ठिपक्याठिपक्यांच्या पिल्लाभोवती कावळे दिसले तर मारताहेत असं समजून धावू नका. ते कोकिळेचं पिल्लू असतं, आणि कावळे त्याला बहुधा चारत असतात.

तुमची दोन्ही पिल्लं निघून गेली की आणखी आठवडाभर कुंडी तशीच ठेवा, मग जुनं घरटं काढून टाकायला हरकत नाही. बुलबुल सहसा नवीन बांधतो. हात साबणाने धुवा, कुंडीतली वरची माती बदला. लेकीला पुढच्या वर्षीसाठी काही करायचं असेल तर चिमणीचं लाकडी घर करून भिंतीवर लावा, दाराचं भोक सव्वा इंचाचं ठेवा, आणि ते जानेवारीतच लावा म्हणजे वीण सुरू होण्याआधी चिमण्यांना ते दिसेल. बुलबुल त्यात येणार नाही, त्याला उघडी जागाच आवडते. त्याच्यासाठी एका मोठ्या कुंडीत कढीपत्ता लावा. फोडणीला पानं तुम्हाला होतील, आणि झाड मोठं झालं की त्याला काळी फळं धरतात. ती खुडू नका, बुलबुल आवडीने खातात.